सातपुड्यातलं अनोळखी झुडूप: फांदी तोडण्यापासून नव्या प्रजातीचं नाव छापून येईपर्यंत

तोरणमाळच्या पठारावर, अस्तंभ्याच्या वाटेवर किंवा यावलच्या जंगलातल्या एखाद्या काळ्या कातळावर कंबरेएवढं झुडूप दिसतं. फांद्यांच्या टोकांना फिकट जांभळ्या मुंडक्यांचे झुबके असतात. झाड सूर्यफुलाच्या कुळातलं आहे एवढं कळतं, पण पुस्तकात जुळत नाही आणि मोबाइलमधलं अ‍ॅप दर फोटोला वेगळं नाव सांगतं. इथवर कुणीही पोहोचतं. या झाडाला आजवर कुणीच नाव दिलेलं नाही हे दाखवणं मात्र दोनेक हंगामांचं काम आहे, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक टेबलावर बसून होतं. या कुळात 25 हजारांहून अधिक प्रजाती आहेत आणि ओळखीच्या खऱ्या खुणा काही मिलिमीटरच्या फुलांत असतात. नुसत्या फोटोवरून इथे काही ठरत नाही.

आधी संशय घ्या

अनोळखी वाटणाऱ्या बहुतेक झुडपांचं उत्तर साधं निघतं. वणव्यानंतर बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं नेहमीपेक्षा मोठी, मऊ आणि जास्त दातेरी असतात. गुरांनी, शेळ्यांनी वारंवार खुडलेलं झुडूप खुजं आणि दाट होतं. म्हणून पहिलं काम म्हणजे त्याच उतारावर न जळलेली, न खाल्लेली झाडं शोधणं. एकुलत्या एका झाडावरून नवी प्रजाती सांगायला जाऊ नये.

दुसरी शक्यता परदेशी पाहुण्याची. रानमोडी अशीच बाहेरून आली आणि डोंगर व्यापून बसली. झुडूप फक्त रस्त्याच्या कडेला, विश्रामगृहाच्या आवारात किंवा जुन्या रोपवाटिकेजवळच असेल तर आधी आफ्रिका-अमेरिकेतल्या वनस्पती तपासा.

तिसरी अडचण नावांची. पूर्वी भारतातल्या कितीतरी वनस्पती व्हर्नोनिया या एकाच मोठ्या प्रजातीगणात (जीनसमध्ये) धरल्या जात. त्याची फोड झाल्यावर सहदेवी सायँथिलियममध्ये गेली, कडू जिरे बॅकॅरॉइडिसमध्ये गेलं आणि बाकीची नावंही विखुरली. जुन्या पुस्तकातलं नाव नव्या यादीत दिसलं नाही म्हणून प्रजाती नवी ठरत नाही. ती बहुधा दुसऱ्या नावाखाली बसलेली असते.

परवानगीशिवाय पानही तोडू नका

अभयारण्यातून, मग ते यावल असो, अनेर असो की पाटणादेवीकडचं गौताळा, वनस्पती काढायला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. अर्जात जागा, काळ, किती फांद्या घेणार आणि नमुने कुठे जमा करणार हे स्पष्ट लिहा. 'वनस्पती अभ्यासासाठी' एवढंच लिहिलेला अर्ज फिरत राहतो. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलासाठी प्रादेशिक उपवनसंरक्षकांकडे जायचं. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत अनुसूचित क्षेत्र आहे आणि अनेक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. तिथे ग्रामसभेला आधी सांगा. हा नुसता उपचार नाही. झाड कुठे कुठे आहे, कधी फुलतं, गुरं खातात का, पूर्वी किती होतं, हे तिथल्या पावरा, भिल्ल, तडवी जाणत्यांना ठाऊक असतं, आणि पुढे धोक्याचा वर्ग ठरवताना हीच माहिती लागते. स्थानिक नाव कानावर पडलं तसं, बोलीसकट लिहून घ्या.

नमुना गोळा करणं

जाण्याआधी मोजा. एका ठिकाणी 20 झाडं असतील तर त्यातल्या एकाहून जास्त झाडाला हात लावायचा नाही, हा जुना आणि चांगला नियम आहे. झुडूप असल्यामुळे मुळासकट उपटायची गरजच नसते. एका निरोगी झाडाच्या 30 ते 35 सेंटिमीटरच्या चार-पाच फांद्या कात्रीने घ्या. कळ्या, उमललेली मुंडकी आणि पिकलेलं फळ या तिन्ही अवस्था त्यांत हव्यात. तिन्ही एका दिवशी मिळत नाहीत. अशा वेळी फुलांवर नमुना घ्या आणि महिन्या-दीड महिन्याने फळांसाठी परत या. दुसऱ्या फेरीला मात्र नवा संकलन क्रमांक द्यायचा. हे चुकलं तर पुढे घोळ होतो. मूळ आधारनमुना, म्हणजे ज्याच्याशी नव्या प्रजातीचं नाव कायमचं बांधलं जातं तो होलोटाइप, आणि त्याच्या प्रती एकाच संकलनातल्या असाव्या लागतात: जागा तीच, दिवस तोच, क्रमांक तोच. ऑक्टोबरची फुलं आणि डिसेंबरची फळं एका क्रमांकाखाली घातली तर तो एक नमुना राहत नाही.

वाळल्यावर जे नाहीसं होतं ते तिथल्या तिथे वहीत उतरवा: झाडाची उंची, सालीचा रंग, फांदी मोडल्यावर चीक येतो का, पान चुरल्यावर वास कसा येतो, पानाची खालची बाजू पांढरट आहे का, चिकट ग्रंथी आहेत का, फुलांचा रंग कळीत कोणता आणि उमलल्यावर कोणता. सोबतची झाडंही लिहा. अंजन आणि सालई असलेला कोरडा उतार वेगळा, दमट घळीतली झाडी वेगळी. जीपीएसचे आकडे डब्ल्यूजीएस 84 पद्धतीत, दशांशात पाच घरांपर्यंत नोंदवा. उंचीच्या बाबतीत मोबाइलवर विसंबू नका, कड्याजवळ तो बराच चुकतो. सर्वेक्षण खात्याच्या नकाशावरच्या समोच्च रेषांशी ती ताडून पाहा.

मग प्रेस, म्हणजे नमुने कागदांत दाबून वाळवायची चौकट. वर्तमानपत्राचं घडी घातलेलं पान योग्य मापाचं असतं, कारण शेवटी नमुना साधारण 42 × 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर बसवायचा असतो. एकदोन पानं उलटी ठेवा, म्हणजे खालची बाजूही दिसेल. या कुळात मुंडकी जाड आणि पानं पातळ असतात. नुसतं दाबलं तर मुंडक्यांभोवतीची पानं दाबाविना राहतात आणि सुरकुततात. मुंडक्यांच्या बाजूने कागदाच्या घड्या किंवा फोमचे तुकडे ठेवून उंची सारखी करा. दोन-तीन मुंडकी ब्लेडने उभी चिरून दाबली तर आतली रचना कायमची दिसत राहते.

पहिल्या 24 तासांनी कागद बदला आणि पानं सरळ करा. त्या वेळी ती लवचिक असतात, नंतर मोडतात. पुढे चार-पाच दिवस रोज कागद बदलायचा. तोरणमाळला सप्टेंबरच्या धुक्यात प्रेस तसाच ठेवला तर तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. भरलेला प्रेस शहाद्याला उतरवून वाळवलेला बरा. ऑक्टोबरनंतर खानदेशची कोरडी हवा निम्मं काम करते. वाळवणीच्या पेटीत 45 ते 50 अंश पुरे, त्याहून जास्त तापवलं तर पानं काळवंडतात. उन्हात मात्र ठेवायचं नाही.

या कुळाची एक खोड नवख्याला गोंधळात टाकते. तोडलेली मुंडकी प्रेसमध्येही पिकत राहतात. आठवड्याने कागद उघडावा तर पांढरे केस फुलून बाहेर आलेले असतात आणि फुलं गळालेली. त्यामुळे पूर्ण उमललेल्यांबरोबर नुकती उमलू लागलेली मुंडकीही घ्या, वाळवणी लांबवू नका आणि सुटी झालेली फळं कागदी पुडीत घालून त्याच शीटला चिकटवा.

आणखी दोन बाटल्या-पुड्या हव्यात. पाच-सहा मुंडकी वेगवेगळ्या अवस्थांत 70 टक्के इथेनॉलमध्ये टाका. हातांचं जेल सॅनिटायझर चालत नाही. बाटलीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. डीएनएसाठी तळहाताच्या निम्म्याएवढा कोवळ्या पानाचा भाग चहाच्या कागदी पुडीत घालून पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका जेलमध्ये ठेवा. पान 24 तासांत कडक वाळायला हवं. दाण्यांचा रंग लवकर बदलला तर जेल बदला. फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून चांगला डीएनए मिळत नाही, म्हणून पान आधी बाजूला काढा.

मुंडक्याच्या आत

सगळ्या कामाचा गाभा हा आहे. सूर्यफुलाच्या कुळात आपण ज्याला 'फूल' म्हणतो ते स्तबक असतं, म्हणजे अनेक बारक्या फुलांचं मुंडकं. कडेच्या 'पाकळ्या' ही किरणपुष्पकं, मधली नळीसारखी ती बिंबपुष्पकं. खालची हिरवी खवले-खवले असलेली वाटी म्हणजे छदमंडल, त्यातला एकेक खवला म्हणजे छद. पुष्पकाच्या बुडाशी, फळाच्या डोक्यावर जे केस, खवले किंवा काटे असतात ते पिच्छसंदल, म्हणजे पॅपस.

हात बसवायला शेतातलं सूर्यफूल घ्या. बाजारातला भरगच्च झेंडू नको, कारण त्यात जवळपास सगळीच किरणपुष्पकं केलेली असतात. सूर्यफुलाचं नुकतं उमललेलं बिंबपुष्पक सुईने उचला. बुडाशी दोन इवले खवले दिसतील. आता पिकलेली बी पाहा: खवले गळून गेलेले. ज्याने फक्त पिकलेली बी पाहिली तो 'पिच्छसंदल नाही' असं लिहून मोकळा होतो आणि त्याची झाडाची ओळख पहिल्याच पायरीवर चुकते. आपल्या झुडपाच्या बाबतीतही नेमकी हीच चूक होते.

वाळलेलं मुंडकं असेल तर पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून दोन-तीन मिनिटं उकळा. ते जवळजवळ ताज्यासारखं मऊ होतं. दोन सुया, बारीक टोकाचा चिमटा, खाली आलेख कागद आणि 10 ते 40 पट मोठं दाखवणारा डिसेक्टिंग मायक्रोस्कोप एवढं पुरतं. क्रम मोडू नका:

1. छदं बाहेरून आत काढत जा. किती ओळी, प्रत्येक ओळीतल्याची लांबी-रुंदी, टोक कसं, कडा पातळ की केसाळ. सोनकीसारख्यांत मुख्य छदं एकाच ओळीत असतात आणि बुडाशी बारकी छदं. व्हर्नोनियाच्या गोतावळ्यात ती अनेक ओळींत, कौलांसारखी चढत जातात.
2. किरण आणि बिंब पुष्पकं वेगळी मोजा आणि त्यांचं लिंग पाहा. कडेचं पुष्पक मादी आहे की वांझ, हे परागकोश आणि कुक्षी पाहून ठरवायचं.
3. सगळी पुष्पकं काढल्यावर उरतो तो पुष्पासनाचा चकताडा. त्यावर पुष्पकांमध्ये खवले आहेत की तो उघडा आहे? सूर्यफुलात खवले असतात, सहदेवीत नसतात.
4. पुष्पनळी उभी चिरून परागकोशांची चिकटलेली नळी उघडा. कोशांच्या बुडाशी शेपट्या आहेत का ते पाहा. नळी फाडताना शेपट्या तुटतात, म्हणून तीन-चार पुष्पकांत तपासा.
5. कुक्षीवृंताच्या दोन शाखा पाहा.

पाचव्या पायरीवर वेळ द्या, कारण गट बहुधा इथेच ठरतो. शाखा लांब, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या, बाहेरून केसाळ, आणि केस फाट्याच्या खाली दांड्यावरही उतरलेले असतील तर व्हर्नोनियाचा गट. शाखा टोकाला जाड, मुद्गलासारख्या असतील तर रानमोडीचा गट. फाट्याच्या खाली केसांचं कडं असेल तर उटकटारा-करडईचा गट. झाडाला चीक असेल आणि सगळीच पुष्पकं पाच दात्यांच्या जिभेसारखी असतील तर तो आणखी वेगळाच गट. रंग आणि पानांचा आकार पाहून आधी गट ठरवायचा आणि मग कुक्षी त्यात बसवायची, ही उलटी चाल बरीच कामं बिघडवते.

मापं कमीत कमी पाच झाडांच्या दहा मुंडक्यांची घ्या. नोंद 'छदं 4–7 मिमी' अशी हवी. एका मुंडक्याचं 'छदं 5.5 मिमी' असं माप काहीच सांगत नाही. प्रत्येक माप ताज्या नमुन्याचं, वाळलेल्याचं की उकळलेल्याचं हे लिहा, कारण वाळल्यावर पुष्पकं आखडतात आणि तुलना खोटी पडते.

तुलना

आता कागदपत्रं, आधी फ्लोरा, म्हणजे एकेका प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णनं असलेले ग्रंथ. हुकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'चा तिसरा खंड, कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (1901–1908) आणि 'फ्लोरा ऑफ इंडिया'चे 12 व 13 हे 1995 चे खंड यांत हे कुळ आहे. पण पुस्तकातल्या किल्लीवर, म्हणजे एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यावर, थांबू नका. जवळच्या प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन आणि आधारनमुना पाहायला हवा. पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह), मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, कोलकात्याजवळ हावड्याचं केंद्रीय हर्बेरियम इथे प्रत्यक्ष जा. लंडनच्या क्यू उद्यानाच्या हर्बेरियमचे कितीतरी आधारनमुने ऑनलाइन मोठे करून पाहता येतात. नावांसाठी आयपीएनआय ही वनस्पतींच्या नावांची ऑनलाइन सूची आणि 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' रोजच्या वापरातले.

राज्याच्या हद्दीवर थांबणं ही सातपुड्यातली नेहमीची चूक. हा डोंगर मध्य प्रदेश आणि गुजरातलाही लागून आहे. महाराष्ट्राच्या यादीत नसलेलं झाड पचमढीच्या यादीत असू शकतं. तसं निघालं तर ती राज्यासाठी नवी नोंद. तीही छापण्याजोगी आहे, पण नवी प्रजाती नव्हे.

वेगळेपणा दाखवायला एकमेकांवर अवलंबून नसलेली किमान दोन-तीन लक्षणं हवीत आणि त्यांची मापं एकमेकांत मिसळता कामा नयेत. झाडाची उंची, पानाची लांबी, लवेचं प्रमाण हे पाण्यावर आणि चराईवर बदलतं, त्याच्यावर इमारत उभी करू नका. छदांचं टोक, पिच्छसंदलाच्या ओळी, फळावरच्या शिरा आणि केस ही जास्त भरवशाची. डीएनएतला आयटीएस हा प्रजातींच्या तुलनेसाठी वापरला जाणारा भाग वाचून घेतला तर युक्तिवाद बळकट होतो, तरी तो सक्तीचा नाही. आणि दोन टक्क्यांचा फरक आला म्हणून मुंडकं न उघडता प्रजाती जाहीर करणं म्हणजे अर्धंच काम.

संकटग्रस्त आहे का, हे मोजून सांगा

'दुर्मीळ दिसतं' याला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या निकषांत काही किंमत नाही. आधी तशाच उंचीचे, तशाच कातळाचे आजूबाजूचे आठ-दहा कडे पालथे घाला, आणि जिथे झाड सापडलं नाही त्या जागाही तारखेसह नोंदवा. मग फुलण्याजोगी प्रौढ झाडं मोजा. एका बुंध्यातून फुटलेल्या पाच काठ्या म्हणजे पाच झाडं नव्हेत.

समजा, तीन किलोमीटर अंतरावरच्या दोन कड्यांवर मिळून 180 प्रौढ झाडं आहेत. व्याप्त क्षेत्र 2 × 2 किलोमीटरच्या चौकटींत मोजतात. दोन चौकटी, म्हणजे 8 चौरस किलोमीटर. अतिसंकटग्रस्त वर्गाची मर्यादा 10 आहे म्हणून लगेच तो शिक्का मारायचा मोह होतो. पण नुसतं क्षेत्र पुरत नाही. त्याबरोबर ठिकाणांची संख्या, सततची घट आणि टोकाचे चढउतार या तीनपैकी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. इथे 'ठिकाण' म्हणजे नकाशावरची जागा नाही. एकाच धोक्याच्या एका फटक्यात सापडू शकणारं क्षेत्र म्हणजे एक ठिकाण. एकच वणवा दोन्ही कडे जाळू शकत असेल तर ते एक ठिकाण आणि घट दाखवता आली तर अतिसंकटग्रस्त. धोके वेगवेगळे असतील तर दोन ठिकाणं, आणि वर्ग संकटग्रस्त. घट दाखवताच आली नाही तर हा निकष गळतो. मग उरते झाडांची संख्या: 250 पेक्षा कमी, म्हणून पुन्हा संकटग्रस्त. लेखात हा 'प्रस्तावित' वर्ग असतो. अधिकृत यादीत नाव आययूसीएनच्या तपासणीनंतरच लागतं.

नाव आणि छपाई

आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेच्या अटी कोरड्या वाटतात, पण एक हुकली की नाव अवैध. वर्णन किंवा भेद सांगणारं निदान लॅटिन वा इंग्रजीत हवं. 1935 ते 2011 या काळात फक्त लॅटिन चालायचं. लेख मराठीत असला तरी हा परिच्छेद त्या दोनपैकी एका भाषेत लागतोच. 'होलोटाइप' (किंवा 'टाइप') हा शब्द आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला आहे हे छापलं पाहिजे. होलोटाइप एकच. 'पुणे आणि कोलकाता' असं लिहून चालत नाही. एक पुण्याला, बाकीचे आयसोटाइप, म्हणजे त्याच संकलनातल्या प्रती, इतरत्र. 2012 पासून ऑनलाइन पीडीएफही चालते, मात्र त्या ऑनलाइन प्रकाशनाला आयएसएसएन किंवा आयएसबीएन क्रमांक हवा. 1953 नंतरचं वर्तमानपत्र मात्र वैध प्रकाशन नाही, त्यामुळे दैनिकात आधी नाव फोडून काही पदरात पडत नाही. पीएच.डी.च्या प्रबंधातही नुसतं लिहून नाव वैध होत नाही. 'रीडिया', 'फायटोटॅक्सा', 'क्यू बुलेटिन' अशा ठिकाणी असे लेख छापतात.

नाव देताना लॅटिन लिंग सांभाळा. बॅकॅरॉइडिस स्त्रीलिंगी, म्हणून तोरणमालेन्सिस. सायँथिलियम नपुंसकलिंगी, म्हणून तोरणमालेन्से. तेच नाव त्याच गणात आधी वापरलेलं नाही ना, हे आयपीएनआयवर पाहा. स्वतःचं नाव कुणी देत नाही. संहितेत बंदी नसली तरी लोक हसतात.

अचूक जीपीएस आकडे लेखात छापू नका, डोंगराचं नाव पुरे. पूर्ण आकडे हर्बेरियमच्या नोंदीत आणि वनविभागाकडे. समाजमाध्यमावर टाकायच्या फोटोच्या मूळ फाइलमध्येही स्थान दडलेलं असतं, ते आधी काढा.

जैविक विविधता कायदा 2002 च्या कलम 39 प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नेमलेल्या भांडारसंस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. वनस्पतींसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही अशी संस्था आहे. शीट पाठवण्याआधी उणे 20 अंशांवर आठवडाभर गोठवा, म्हणजे कीड मरते. पूर्वी यासाठी मर्क्युरिक क्लोराइड वापरत. जुनी शीटं हाताळताना म्हणूनच हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा.

लेख छापून आल्यावरही एक फेरी डिसेंबर-जानेवारीत ठेवा. पिकलेली फळं चिमटीत दाबून पाहा. या कुळात वरून भरीव दिसणारी पुष्कळ फळं आतून फोल निघतात. दहा झाडांची प्रत्येकी 50 फळं चिरून किती भरलेली ते लिहून ठेवा. मग वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी, कड्याखालच्या जाळरेषेची, म्हणजे वणवा अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्याची, साफसफाई कधी होणार ते वनरक्षकाला विचारा.